पँटच्या दुमडीतला आघाडा

नवरा सव्वीस वर्षं सौदीत, दमामला असलेल्या बाईला संशय घ्यावाच लागतो. फहमिदाने दूधवाल्याचा घेतला, सिलिंडरवाल्याचा घेतला, गच्चीवर पत्रे घालायला आलेल्या गवंड्याचा तर शिलाईचं मशीन दारात ओढून, दिवसभर समोर बसून घेतला. दोन खोल्यांचं घर तिने अशा नजरेवर चार खोल्यांचं केलं. पनवेलच्या त्या गल्लीत बायका म्हणत, परकारांच्या फहमिदाकडे ब्लाउजचं माप देताना पोट आत ओढू नये. ती टेपआधी डोळ्यांनी मोजते.

नवऱ्याचा संशय मात्र तिने एकदाच घेतला होता. सासू गेली तेव्हा मुनाफ दफन होऊन अठरा दिवसांनी पोचला. विमानात जागाच मिळत नव्हती म्हणाला. मागच्या गल्लीतला नावेद त्याच आठवड्यात त्याच दमामहून बहिणीच्या साखरपुड्याला येऊन गेला होता. साखरपुड्याला जागा मिळते आणि मय्यतीला मिळत नाही? फहमिदा तेव्हा काही बोलली नाही. पण ती गोष्ट तिने मनात जपून ठेवली, शिलाईत जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात तशी. कधी उसवायची वेळ आली तर असावं.

गेल्या रमजानात मुनाफ कायमचा परत आला. दोन बॅगा, एक ब्लँकेट, खजुराचे डबे. म्हणाला, "आता कुठे जायचं नाही. तुझ्या हातचं खायचं आणि पडायचं."

फहमिदाने त्याआधी एकदा बोटांवर हिशेब करून पाहिला होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांची सुट्टी. सगळे दिवस जोडले तर ती या माणसाबरोबर धड चार वर्षंही राहिली नव्हती. आता तो समोर बसून चहा पीत होता, आणि त्याला साखर किती लागते हे तिला त्याला विचारावं लागत होतं. तरी तिला बरं वाटत होतं. घरात पुरुषाच्या चपला असल्या की दाराचा आवाजही वेगळा येतो.

पहिले तीन महिने तो खरंच पडून राहिला. मग कंटाळला. मागच्या अंगणात तिचं कढीपत्त्याचं झाड होतं, माणूसभर उंच. मुनाफने एका सकाळी त्याच्याभोवती आळं केलं. काय आळं म्हणावं! परातीसारखं गोल, काठ तळहाताने थापून गुळगुळीत केलेला, वर चार बोटांच्या रेघा ओढलेल्या, आणि आत बारीक खडीचा थर. शेजारची नीता बघायला आली.

"भाईजान, हे झाड आहे का कबुतरखाना?"

"पाणी इकडे-तिकडे जात नाही याने," मुनाफ म्हणाला. बस. तो कमीच बोलायचा.

जुलै संपता संपता तो कढीपत्ता पिवळा पडला आणि ऑगस्टात मेला. फहमिदाने नीताला नावं ठेवली, नीताच्या नजरेला ठेवली, आणि मग विसरली. कारण तोवर तिला दुसरंच काही दिसायला लागलं होतं.

मुनाफ सकाळची नमाज झाली की घरातून निघायचा तो दुपारी एकला यायचा. कुठे जाता विचारलं तर म्हणायचा, "पळस्प्याला. जीवनच्या गॅरेजवर बसतो." जीवन त्याचा शाळेतला दोस्त, पळस्पे फाट्यावर त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. ठीक आहे. पण गॅरेजवर बसलेल्या माणसाच्या कपड्यांना ऑइलचा वास येतो. मुनाफच्या कपड्यांना ओल्या मातीचा येत होता. पँट धुवायला घेताना फहमिदाने नेहमीप्रमाणे पायाची दुमडी उलटी केली, तर आत आघाड्याच्या बिया. एक नाही, ओळीने. वर गवताची कुसळं. तिने सुईच्या टोकाने एकेक काढली आणि सुया-बटणांच्या डबीत ठेवली. डांबरी फाट्यावर आघाडा कुठून उगवला?

मग फोन. फोन आला की मुनाफ उठून अंगणात जायचा. तिने मशीन थांबवून कान दिला. "हो मॅडम. येतो ना मॅडम. नाही मॅडम, घरी कोणाला माहीत नाही."

घरी कोणाला माहीत नाही!

तिने जीवनला फोन लावला, काहीतरी निमित्त काढून.

"मुनाफ?" जीवन म्हणाला. "वहिनी, मुनाफचं तोंड मी रमजाननंतर बघितलं नाही. का, आजारी-बिजारी आहे का?"

"छे, छे. चांगले आहेत," फहमिदा म्हणाली आणि फोन ठेवून कपाटाकडे गेली. लग्नाच्या भरजरी जोड्याखाली, वर्तमानपत्राच्या घडीत मुनाफचा पासपोर्ट असायचा. तिने स्वतः ठेवला होता तो, मार्चमध्ये. घडी होती. पासपोर्ट नव्हता.

ती पलंगावर बसली. मॅडम आणि पासपोर्ट. तिच्या जागी दुसरी बाई असती तर तिला वेगळं काही सुचलं असतं. फहमिदालाही क्षणभर सुचलं. पण पंचावन्न वर्षांचा, गुडघ्याला तेल लावणारा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या मागे कोण लागणार? आणि बाईच्या भानगडीला पासपोर्ट कशाला लागतो? पासपोर्ट लागतो व्हिसाला. स्टेशनसमोर दोन-तीन एजंटांची ऑफिसं होती, तिथे काउंटरवर मॅडमच बसायच्या. तो परत चालला होता. घरी कोणाला न सांगता. एक दिवस बॅग दारात दिसेल आणि तो म्हणेल, दोनच वर्षं, फहमिदा. म्हणजे पुन्हा तीच फोनवरची खरखर, तोच पंचेचाळीस दिवसांचा नवरा. आणि या वेळी, या वयात, तो गेला तर परत कसा येईल, कुठल्या पेटीतून येईल, कोणी सांगावं.

विचारावं का सरळ? विचारलं तर तो एखादी गोष्ट सांगेल. विमानात जागा नव्हती, तसली. फहमिदाला गोष्ट नको होती. तिला तो रंगेहाथ सापडायला हवा होता.

तो हाती लागला वसुंधरामुळे. वसुंधरा तिची जुनी गिऱ्हाईक, नवीन पनवेलला राहायची. नवरा गुरुदत्त बँकेतून निवृत्त झालेला, गळ्यात हा एवढा कॅमेरा. दोघं रोज सकाळी शहराच्या कडेच्या निसर्ग उद्यानात फिरायला जात. जुन्या दगडखाणीची जागा. तिथे इथलीच रानझाडं लावून, पायवाटा करून पक्ष्या-प्राण्यांना जागा केलेली. वसुंधरा गणपतीनंतरच्या आठवड्यात ब्लाउज शिवायला टाकायला आली. बाही दाखवता दाखवता म्हणाली, "अगं, तुझे मिस्टर दिसतात की आम्हाला उद्यानात."

फहमिदाच्या हातातला टेप थांबला. "कुठे?"

"पाणथळ वाटेच्या मागे. काल मी हाक मारली, हात केला, तर बघितलं न बघितल्यासारखं करून झाडीतच शिरले! हे म्हणाले, अगं, धनेश पक्षी बुजतो तसा बुजला हा माणूस." वसुंधरा हसली. "लाजतात वाटतं?"

"दिसत नाही त्यांना लांबचं," फहमिदा म्हणाली. "बाही कोपरापर्यंत ना?"

झाडीत शिरले. एजंटबाई झाडीत कशी? फहमिदाने रात्रभर दोन्ही संशय आलटून पालटून पाहिले. पहाटे मुनाफ गेला, आणि आठ वाजता तिने बुरखा घातला, पर्स घेतली आणि रिक्षा केली.

उद्यानाच्या गेटवर बळीराम नावाचा वॉचमन होता. छातीवर नावाची पट्टी, हातात काठी, शब्दामधल्या 'ड'चा बोलताना 'र'. त्याने पर्स उघडायला लावली.

"आत कायतरी खायाचा हाय का? पलास्टिक?"

"नाही."

"ह्यो डबा कसला?"

"सुया आहेत. मी शिलाई करते."

"सुया कशाला झाराला?" बळीरामने डबी हलवून पाहिली, उघडली. सुया-बटणांबरोबर आघाड्याच्या बिया. त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे आमचेकरशी नेल्लं का?"

"तुमच्याकडून नाही नेलं. तुमच्याकडून आलं," फहमिदा म्हणाली.

बळीरामला काही समजलं नाही, पण त्याने सोडलं. "वाट सोरू नका, बाय. गवतान जनावर असतंय. आनि पान-फूल कायपन तोरायचं नाय. बायेर जाताना परत बघनार मी."

पाणथळ वाट खाणीच्या जुन्या खड्ड्याकडे उतरत होती. खड्ड्यात पाणी साठून तळं झालेलं, कडेला लव्हाळे, एका काटकीवर खंड्या. फहमिदाने खंड्याकडे पाहिलं नाही. ती गवताकडे बघत होती. वाटेच्या दोन्ही अंगांना आघाडा कमरेएवढा वाढलेला, आणि दोन मिनिटांत तिच्या बुरख्याच्या काठालाही त्या बिया लागल्या. तिने वाकून एक हातात घेतली. तीच. जागा सापडली होती. आता माणूस.

वाट वळली तशी मोकळी जागा आली. तिथे नवी रोपं लावलेली होती, शंभर तरी असतील. प्रत्येकाजवळ लाकडी पट्टीवर नाव. करंज, बकुळ, कुंभा, तामण. आणि प्रत्येकाभोवती परातीसारखं गोल आळं, थापून गुळगुळीत केलेला काठ, वर चार बोटांच्या रेघा, आत बारीक खडी. प्रत्येक आळ्यात पावसाचं पाणी गच्च भरलेलं. एका आळ्यातून बेडकाने उडी मारली. बकुळीची पानं पिवळी पडली होती.

फहमिदा त्या रेघांकडे बघत राहिली. शिवलेल्या टाक्यावरून टाका कोणाचा हे तिला कळायचं, हाही कळला. पण कळून काहीच कळेना. व्हिसाला जाणारा माणूस इथे चिखलात आळी कशाला करतो?

"काकू, वाट चुकलात का?"

मागे एक मुलगी उभी होती. पंचविशीची, गुडघ्यापर्यंत बूट, हातात वही. शर्टाच्या खिशावर नाव: चारुता.

"तुम्ही इथल्या मॅडम का?" फहमिदाने विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढा आला.

"मॅडम वगैरे काही नाही हो. प्लांटेशनचं मी बघते. मॅडम फक्त आमचे मुनाफकाका म्हणतात. किती वेळा सांगितलं, चारुता म्हणा."

"मी त्यांच्या घरची."

चारुताचा चेहरा उजळला. फहमिदाला ते अजिबात अपेक्षित नव्हतं.

"बरं झालं बाई आलात! चला ना माझ्याबरोबर, दोनच मिनिटं. ते एक डोक्यावरचं ओझं आहे माझ्या."

वाटेच्या टोकाला पत्र्याची खोली होती. चारुताने टेबलाचा ड्रॉवर किल्लीने उघडला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट फहमिदाच्या हातात ठेवला.

"हा तुम्ही घरी न्या, प्लीज. जुलैत कामाला लागले ना, त्या दिवशी पहिल्यांदा हाच आणून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, काका, मला आधारची झेरॉक्स बास. तर म्हणे, नाही मॅडम, कामाला लागलं की पासपोर्ट मालकाकडे द्यायचा असतो. परत देऊ केला तर घाबरलेच. म्हणाले, काढून टाकता का मला? मग मी ठेवून घेतला. पण हरवला-बिरवला तर? मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन ड्रॉवर बघून जाते."

फहमिदाने पिशवी उघडली नाही. मुनाफचा अर्धा चेहरा प्लॅस्टिकमधून दिसत होता.

"तिकडे कफीलकडे द्यावा लागतो," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तिकडचा मालक. त्याच्याकडेच असतो, पहिल्या दिवसापासून." हे ती गल्लीतल्या कितीजणींकडून ऐकून होती. जिचा नवरा गल्फला ती प्रत्येक बाई हे जाणते.

"मग मध्येच घरी यायचं झालं तर?"

"त्याने दिला तर यायचं."

आणि हे म्हणता म्हणता तिचं तिलाच ऐकू आलं. त्याने दिला तर. दफनानंतरचे अठरा दिवस. नावेदचा मालक देणारा असेल. मुनाफचा सुट्टीवर असेल, रागात असेल, नुसताच नाही म्हणाला असेल. आई मेलीय म्हणून हा माणूस त्याच्या दारात किती दिवस उभा राहिला असेल? आणि इकडे येऊन विमानात जागा नव्हती म्हणाला. मालकाने सोडलं नाही, हे बायकोला सांगण्यापेक्षा ते सोपं. इतकी वर्षं ती ती गोष्ट दुमडून ठेवून होती, उसवायची वेळ येईल म्हणून.

"कुठे आहेत ते?"

चारुताने रोपवाटिकेकडे बोट केलं.

मुनाफ उकिडवा बसून पिशव्यांत माती भरत होता. बुरखा दिसला तसा तो उठला, आजूबाजूला पाहिलं. झाडी लांब होती.

"शिरा ना झाडीत," फहमिदा म्हणाली. "वसुंधराला बघून शिरलात तसे."

"ती गल्लीत सांगेल म्हणून..."

"काय सांगेल? परकार मातीत हात घालतो?" तिने पासपोर्ट वर धरला. "मला वाटलं, परत चाललात. कालपासून मी जेवले नाही, ठाऊक आहे?"

मुनाफने पासपोर्टकडे पाहिलं, मग पत्र्याच्या खोलीकडे. "मॅडमने काढून टाकलं मला?"

"कोणी नाही काढलं! इथे लागत नाही तो. ती पोरगी बिचारी राखण करून थकली." ती खाली दगडावर बसली. "मला सांगायला काय झालं होतं?"

मुनाफ हाताची माती खरवडत राहिला. मग म्हणाला, "काय सांगू? तिकडे पण हेच करत होतो. रस्त्याच्या मधोमध खजूर असतात ना, त्यांना पाणी. सव्वीस वर्षं. माळी होतो."

"तुम्ही तर सुपरवायझर..."

"मी कधी म्हटलं?" त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "आपल्या रिदाच्या सोयरिकीला पाहुणे बसले होते. फोन चालू होता तुझ्या हातात. मी ऐकत होतो. तू म्हणालीस, आमचे हे कंपनीत सुपरवायझर आहेत. मी म्हटलं, राहू दे. पोरीचं लग्न आहे. मग काय, झालो सुपरवायझर. आता व्याह्यांनी मला इथे फावडं घेऊन बघितलं तर रिदाला बोलतील."

फहमिदाला ती दुपार आठवली. पाहुण्यांना शिरखुर्मा दिला होता. मुनाफ नुसतं 'कंपनीत आहे' एवढंच म्हणायचा; सुपरवायझर हा शब्द तिने आधी ठरवलासुद्धा नव्हता. तोंडातून निघाला आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर चांगला दिसला, म्हणून तसाच राहिला. दूधवाल्याच्या मापापासून गवंड्याच्या सिमेंटपर्यंत सगळ्यांचं खोटं तिने पकडलं होतं. हे घरातलं, स्वतःच्या हातचं, नऊ वर्षं समोर होतं.

ती उठली. चारुता रोपवाटिकेच्या दाराशी घुटमळत होती. फहमिदाने कोपऱ्यातली खुरपी घेतली आणि सरळ रोपांकडे निघाली. पहिल्या बकुळीजवळ बसून तिने आळ्याच्या काठाला उताराच्या बाजूने खुरपी मारली. पाणी भसकन बाहेर वाहिलं.

"अगं, काय करतेस!" मुनाफ धावत आला. "पाणी वाया जातंय!"

"जाऊ दे वाया! हे दमाम आहे का? जासईला माझ्या बापाच्या शेतात बांध फोडायला आम्ही पोरी पळायचो पावसात. मुळं कुजतात तुमच्या या पाण्याने. बघा पानं."

"मी दोनदा म्हटलं काकांना," चारुता मागून म्हणाली, "पण सव्वीस वर्षांचा अनुभव... मी काय बोलणार."

मुनाफ पिवळ्या पानाला हात लावून बघत होता. त्याने विचारलं, "मग तो कढीपत्ता..."

"तुम्हीच मारलात. आणि मी नीताला बोलले."

दोघांनी मिळून दुपारपर्यंत साठ-सत्तर आळी फोडली. मुनाफ प्रत्येक काठ फोडताना एकदा थांबायचा; त्याला ते जमत नव्हतं. एवढा सुंदर काठ. फहमिदाने बुरख्याच्या बाह्या वर खोचल्या होत्या. तिला एक गोष्ट मात्र अजून टोचत होती, आणि तिने ती विचारलीच.

"इथलं काम संपलं, तर जाल?"

"कुठे?"

"तिकडे."

"आता कोण घेतो मला," मुनाफ म्हणाला.

हे 'नाही' नव्हतं, हे फहमिदाच्या लक्षात आलं. तिने पासपोर्ट पर्समध्ये, सुयांच्या डबीखाली घातला आणि चेन ओढली.

"कामाला लागलं की मालकाकडे द्यायचा ना? मग आता तुमची कफील मी. रजा हवी असेल तर माझ्याकडे अर्ज करा."

मुनाफ हसला. त्याचा पुढचा एक दात पडलेला आहे, हे तिने त्या दिवशी पाहिलं.

गेटवर बळीरामने तिला थांबवलं. हात चिखलाने भरलेले, बुरख्याला आघाडा.

"सांगलं होतं ना, आतलं कायपन बायेर न्यायचं नाय. पिशवीन काय हाय?"

"माझंच आहे ते," फहमिदा म्हणाली आणि चेन न उघडता पुढे निघाली. त्याने मागून हाक मारली, तरी थांबली नाही.

शुक्रवारी वसुंधरा ब्लाउज न्यायला आली. बाहीत हात घालता घालता म्हणाली, "मग? कळलं का, झाडीत काय करतात तुझे मिस्टर?"

नीता दारातच उभी होती. फहमिदाने दाताने दोरा तोडला.

"कामाला आहेत तिथे. माळी. दमामला पण माळीच होते." आणि मग, कोणी काही बोलायच्या आत, "बाही बरोबर आहे ना? पोट आत ओढू नका, दिसतं मला."

संध्याकाळी तिने रिदाला फोन करून तेच सांगितलं. पलीकडून रिदा म्हणाली, "अम्मी, माझ्या सासऱ्यांना गुलाब लावायचेत गच्चीवर. अब्बांना विचारशील?" फहमिदाला यातही काहीतरी टोमणा असावा असं वाटलं. ती अजून विचार करते आहे.

पासपोर्ट आता लग्नाच्या जोड्याखाली नसतो. दर आठवड्याला ती त्याची जागा बदलते. मुनाफने कधी विचारलेलं नाही. पण त्याची पँट धुवायला घेताना ती अजूनही आधी दुमडी उलटी करते, आणि आत आघाड्याच्या बिया मोजून मगच पाण्यात टाकते.